कानसेन आणि खुदूचं हसू

माझ्या दादाला सगळा बाजार कानसेन म्हणतो. शिलाई मशीन दुरुस्त करतो तो. एखादी बाई मशीन आणून फळीवर ठेवते आणि तक्रार सांगायला तोंड उघडते, तोच दादा हात वर करतो. "थांबा. काही सांगू नका. नुसतं चाक फिरवा." बाई चाक फिरवते, दादा डोळे मिटतो, मान जराशी तिरकी करतो आणि म्हणतो, "शटलमध्ये दोरा अडकलाय. आणि तेल घालायचं असतं हे कुणी सांगितलंय का तुम्हाला?" बाई ओशाळते, दादा खूश. इतका खूश होतो की त्याच्या डोक्यात एक टपली हाणावी असं मला वाटतं. मोठा भाऊ आहे म्हणून सोडते.

मी त्याची धाकटी बहीण. डोळ्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसते. लोकांना बसवते, उठवते, आत सोडते आणि जे घुसतात त्यांच्यावर ओरडते. लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडले नाही, दादा-वहिनींकडेच राहते. या घरात माझं कुणी ऐकत नाही आणि मी बोलायची थांबत नाही. आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की ही बाई फार बोलते.

घर म्हणजे पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मधे एक दार आणि दाराला पडदा. पडद्याच्या आतल्या अंगाला, दुकानातले आवाज यावेत अशी, खुदूची खुर्ची. चाकांची, मागे कलणारी, डोक्याला दोन्ही बाजूंनी उशा लावलेली. खुदू ही दादाची लेक. विशी ओलांडलेली, पण अंगाने शाळकरी मुलीएवढी. कागदावर तिचं छान भारदस्त नाव आहे, पण ते फक्त दवाखान्यात उपयोगी पडतं. जन्मताना तिचा श्वास कोंडला आणि मेंदूला कायमचा मार बसला. बोलत नाही, चालत नाही, हाताने काही धरत नाही. हो-नाहीसुद्धा सांगत नाही. आपण बोललेलं तिला किती कळतं, हे छातीठोक सांगेल असा माणूस मला अजून भेटलेला नाही. घोटून मऊ केलेलं चमच्याने भरवायचं, डायपर बदलायचं, कूस बदलायची, तोंड पुसायचं. हे सगळं करता करता वहिनींच्या कमरेचा पार काटा ढिला झाला.

पण हसते मात्र. आधी एकदाच खुदकन, मग क्षणभर गप्प, मग खळखळून, अंग हलवून, डोळ्यांतून पाणी येईतो. म्हणून खुदू. दुकानात मशीन सोडून पळणाऱ्या बायकाही पडदा सरकवून तिला बघून जायच्या. "एवढं सगळं असून किती आनंदी आहे हो पोर!" दादाची छाती अशी फुगायची की सदऱ्याचं बटण तुटेल.

तिचं सगळ्यांत मोठं हसू सकाळी, कसरतीच्या वेळी. ती लहान असताना एका व्यायामाच्या बाईंनी दादाला शिकवलं होतं, पाय आखडू नयेत म्हणून रोज ताणायचे. त्या बाई केव्हाच गाव सोडून गेल्या, कसरत राहिली. दादाने तिच्यात स्वतःची भर घातली. खुदूचा पाय वर घेताना तो तोंडाने मशीनचा आवाज काढायचा. आधी हळू, टक, टक, टक. मग वेगात. पाय पार वर गेला की ओरडायचा, "टाका बसला!" आणि खुदू हसली नाही असं कधी झालं नाही. मी दात घासता घासता दारात उभी राहून बघायचे आणि तोंडात फेस असतानाच हसायचे. आमच्या घरी सकाळ अशी व्हायची.

खरं सांगायचं तर दादाला बाकी काय होतं? मुलीची शाळा नाही, लग्न नाही, साधं "बाबा" म्हणून हाक मारणं नाही. त्याला एवढंच पाहिजे होतं की पोर सुखात आहे. ती हसायची, म्हणजे सुखात होती. विषय संपला.

मग या वर्षी खुदू वाळायला लागली. चमचा ओठांशी नेला की तोंड घट्ट मिटायची. वरच्या ओठावर घामाचे थेंब, पंखा चालू असताना. हसणं मात्र वाढलेलं. कूस बदलली की हसायची, कपडे चढवले की हसायची, खुर्चीत ठेवली की हसायची. वहिनी म्हणाल्या, "अहो, हिला डॉक्टरांना दाखवू या."

दादा म्हणाला, "हसतेय ना? मग?"

वहिनी फार बोलणाऱ्यातल्या नाहीत. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात अर्धा दिवस राबतात आणि घरी येऊन उरलेला दिवस राबतात. त्या गप्प बसल्या, म्हणून मी बोलले. आमच्या दवाखान्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर खुदूसारख्या माणसांना बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई बसतात. मी त्यांच्याकडे वेळ ठरवूनच आले आणि दादाला सांगितलं, "उद्या दुकान बंद. कटकट करायची नाही."

डॉक्टरीणबाई वयाने माझ्यापेक्षा लहान आणि बोलायला इतक्या हळू की मला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. आधी बराच वेळ नुसत्या खुदूसमोर बसून राहिल्या. मग दात पाहिले, कान पाहिले, पोट चाचपलं. वहिनींना पोट साफ होतं का वगैरे विचारलं. सगळं झाल्यावर एका हाताने खुदूचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने डावा गुडघा अगदी थोडासा बाहेरच्या बाजूला नेला.

खुदू हसली. खुदकन, आणि मग खळखळून.

"बघा!" दादा खुर्चीतून उठलाच. "ओळख झाली तुमची. सगळ्यांशी नाही हं हसत ती एवढी."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ती हसताना तिच्या पायाची बोटं बघा." आम्ही पाहिली. बोटं आत वळून पांढरी पडली होती. "आणि नाडी धावतेय," त्या म्हणाल्या. "एक फोटो काढून घेऊ या खुब्याचा."

फोटो आला. डाव्या मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नव्हताच. वर सरकून कुठेतरी भलतीकडेच बसला होता आणि घासून सपाट झाला होता. असं एका दिवसात होत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षानुवर्षं सरकत गेला असणार. अशा मुलांमध्ये हे बऱ्याचदा होतं. "हिला दुखत असणार. बहुधा खूप."

"पण ती हसते," दादा म्हणाला.

"हो."

"रडत नाही कधी!"

"दुखलं की काही जण रडतात, काही जण एकदम गप्प होतात, काही जण स्वतःचा हात चावतात. काही जण हसतात. चेहऱ्यावर काय उमटेल ते त्यांच्या ताब्यात नसतं. हिचं हसणं दुखण्याचंच आहे असं मी म्हणत नाही. असू शकतं, असं म्हणतेय."

माझं डोकं फिरलं. "अहो, मग नक्की काय ते सांगा ना! दुखतंय की नाही?"

"नक्की मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. घ्या! डॉक्टर माणसाने असं तोंडावर सांगायचं असतं का? आमच्याकडे डोळ्यांचे डॉक्टर 'माहीत नाही' कधी म्हणत नाहीत, नवीन थेंब लिहून देतात. पण या बाईंनी शांतपणे समजावलं. खुदू दुखतंय म्हणून सांगणार नाही, तेव्हा तिने मागायची वाट बघायची नाही. दुखणं कमी करणारं औषध ठरलेल्या वेळी रोज द्यायचं, हसो वा न हसो. पाय ताणायचे एकदम बंद. उचलताना मांडीखाली हात घालून उचलायचं, निजवताना गुडघ्यांमध्ये उशी. "काही आठवडे असं करा आणि नुसतं बघा. काय बदलतं ते मला येऊन सांगा. त्यावरूनच कळलं तर कळेल. शस्त्रक्रियेचं बोलायचं की नाही, ते त्यानंतर."

 घरी आल्यावर दादा खुदूला खुर्चीत ठेवत होता, तेव्हा ती हसली आणि त्याचे हात हवेतच थांबले. त्याला तिला ठेवताही येईना आणि उचलताही येईना. शेवटी वहिनींनी तिला घेतलं.

औषध सुरू झालं. सकाळ-दुपारचं दादाकडे, कारण तो घरी, रात्रीचं वहिनींकडे. कसरत बंद. सकाळी दात घासताना मी सवयीने दारात जाऊन उभी राहायचे आणि बघायला काहीच नसायचं. दादा आपला मशीनमध्ये मान खुपसून बसलेला.

आणि मग हसणं कमी होत गेलं. आधी कपडे बदलताना थांबलं, मग खुर्चीत ठेवताना. एक दिवस माझ्या लक्षात आलं की काल दिवसभर खुदू हसलीच नाही. परवाही नाही. पोर नुसती पडून छताकडे बघायची. जेवायची का? एखाद्या दिवशी वाटीभर जेवायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा, दुसऱ्या दिवशी परत तोंड मिटून. झोपायची का? झोपायची, पण दुपारीही झोपायची, मग ते बरं की वाईट? ओठावरचा घाम गेला होता. तो औषधाने गेला की हवा पालटली म्हणून गेला? मी वहिनींना विचारायचे, वहिनी मला विचारायच्या. आम्ही दोघी शहाण्या बायका आणि एका पोरीचं तोंड आम्हाला वाचता येईना.

आणि घर! घर कसलं, रिकामं गोदाम. मशीन न्यायला आलेली एक बाई पडदा सरकवून बघून गेली आणि म्हणाली, "आजारी आहे का हो? पूर्वी किती छान हसायची." तिची चूक नव्हती, पण मला तिला मशीनसकट रस्त्यावर ढकलावंसं वाटलं.  दादा हातातला स्क्रू चुकीच्या भोकात पिळत बसला. मशीन ऐकतानाही त्याचं चित्त नसायचं. एकीला सुई वाकडी म्हणून सांगितलं आणि निघाला पट्टा सैल. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक मशीन घेऊन परत आलं.

"औषधाने विझवलं पोरीला," एका संध्याकाळी तो म्हणाला. "दुखतं की नाही कुणाला माहीत. हसत होती हे मात्र माहीत होतं. तेही गेलं."

मी म्हटलं, "दादा, थोडं थांब." त्याला धीर द्यायला म्हटलं, मला स्वतःला कसलाच धीर नव्हता. मलाही ते हसू हवं होतं. खोटं कशाला बोलू?

आणि मग एका दुपारी मी कामावरून लवकर आले, तर पडद्याआडून खुदकन. मी पर्स तिथेच टाकली. खुदू हसत होती, अंग हलवून, डोळ्यांत पाणी येऊन, अगदी पूर्वीसारखी, आणि दादा तिच्यासमोर जमिनीवर बसून टाळ्या पिटत होता. तेवढ्यात माझा धक्का लागून पाण्याचा तांब्या पडला, त्या आवाजालाही ती हसली. मी तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. देवाशप्पथ, इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. पुढचे काही दिवस ती हसतच होती. दादा परत शीळ घालायला लागला.

त्याच्या पोटात काही राहत नाही. एका रात्री जेवायला बसलो आणि दादाने हात पुसून जाहीर केलं, "बंद केलंय मी औषध. सकाळचं, दुपारचं, दोन्ही. आली की नाही परत पोरगी?"

वहिनींचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो ताटात ठेवला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, वेड लागलंय का तुला? न विचारता, न सांगता?"

"कुणाला विचारू? तिला? ती काय सांगणार? तिला सांगता येतं ते एवढंच आहे. हसणं. तेवढं एकच तिचं बोलणं आणि तेच तुम्ही बंद करायला निघालात. मशीन वाजतं तेव्हा मला कळतं काय चाललंय ते. मुकं मशीन मी दुरुस्त कसं करू?"

"खडखडणारं मशीनही वाजतंच," मी म्हटलं. "म्हणून काय खुशीत असतं?"

तो उठणार होता, पण वहिनी बोलल्या. हळूच, ताटाकडे बघत. "डायपर बदलताना डावा पाय उचलला की हसते. उजवा उचलला की नाही हसत. मला खूप वर्षं हे दिसतंय."



"मग बोलली का नाहीस?" दादाचा आवाज चढला.

"काय बोलू? मला तरी कुठे खात्री होती? कधी वाटायचं, गुदगुल्या होत असतील. कधी वाटायचं, दुखत असेल. मग वाटायचं, मीच रडकी, मला सगळीकडे दुखणंच दिसतं. आणि तुम्ही सकाळी तो खेळ खेळायचात तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघून... कसं बोलणार होते मी? तुमच्याकडे तेवढीच एक गोष्ट होती."

दादा परत खाली बसला. कुणीच जेवलं नाही. माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. मी तांब्या पाडला तेव्हा कुठे कुणी पाय उचलला होता? तेव्हाही हसलीच की. मग ते खरं आणि हे खोटं? की ती दचकली होती आणि दचकतानाही हसते? दुखलं तरी हसू, घाबरली तरी हसू, मग आनंद झाला तर पोर काय करते? आणि आनंद झाल्यावरही हसतच असेल, तर आम्ही कुठलं हसू धरायचं आणि कुठलं सोडायचं? विचार करून करून माझं कपाळ दुखायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. दादा एका जुन्या मशीनचा पट्टा काढून बसला होता. दोष आवाजावरून सापडत नाही तेव्हा तो असं करतो. पट्टा काढायचा, म्हणजे मशीन आपोआप पळत नाही, मग एक तळहात मशीनच्या अंगावर पालथा ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने चाक अगदी सावकाश फिरवायचं. कुठे अडतं ते हाताला कळतं. मी जरा वेळ बघत राहिले.

"हे का करतोस?" मी विचारलं.

"वेगात सगळा आवाज एक होतो. कुठला भाग ओरडतोय ते कळत नाही. माहीत आहे तुला."

"मला माहीत आहे. तुला आहे का?" मी म्हटलं. "खुदूच्या बाबतीत तू आयुष्यभर नुसता ऐकत बसलास. टकटक करून वरून स्वतःचाही आवाज घातलास. एकदा तरी हात ठेवून बघितलंस?"

मला वाटलं होतं, खेकसेल. तो खेकसला नाही. हाताचं तेल फडक्याने पुसलं, मग साबणाने धुतलं, मग परत धुतलं. आत गेला. मी मागोमाग. वहिनी कामावर निघाल्या होत्या, पिशवी खांद्याला लावलेली, त्याही दारात थांबल्या.

खुदू गादीवर होती, गुडघ्यांमध्ये उशी. दादा तिच्याशेजारी बसला. टकटक नाही, लाडाचं बोलणं नाही, काही नाही. डावा तळहात तिच्या खुब्यावर पालथा ठेवला. उजवा हात मांडीखाली घातला आणि पाय बाजूला न्यायला लागला, इतका हळू की हलतोय की नाही ते दिसू नये.

आधी काही झालं नाही. मग दादाच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. आम्हाला काही ऐकू आलं नव्हतं, दिसलंही नव्हतं. मग खुदकन आवाज आला. त्याच क्षणी तो थांबला आणि पाय जरासा मागे आणला. हसू थांबलं.

"आधी मांडी धरते," तो म्हणाला. आमच्याशी नाही, असंच. "आतून कापते. मग घासतं, मला घासलेलं कळलं हाताला. हसू सगळ्यात शेवटी येतं."

"परत एकदा बघता?" वहिनींनी विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. "नाही, नाही, नाही." त्याने पाय उशीवर ठेवला. मग डोकं गादीच्या कडेला टेकलं आणि असा रडला की मी उठून दुकानाचं दार लावून आले. "रोज," म्हणत होता. "रोज ओढला गं मी तो पाय. टाका बसला म्हणून ओरडायचो. ती हसायची, मग मी अजून ओढायचो." वहिनींनी पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. समजूत घातली नाही. काय घालणार?

मी ओरडायला आले होते, पण ओरडू कुठल्या तोंडाने? मीच तर दारात उभी राहून हसायचे.

त्या सकाळचं औषध त्याने स्वतः दिलं. दुपारचंही. डॉक्टरीणबाईंना जाऊन सगळं सांगून आला, मधे बंद केलं होतं तेही. त्यांनी मात्रा थोडी बदलली, खुर्चीत बसायची गादी बदलायला सांगितली. दादाने त्यांना विचारलं, "मग तिची सगळीच हसणी दुखण्याची होती का?" त्या म्हणाल्या, सगळी नसतील. "मग कुठली नव्हती?" त्या म्हणाल्या, ते आता कसं सांगणार. हे दादाने मला घरी आल्यावर तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तरी सांगेन.

घर परत गप्प झालं. या वेळी कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. खुदू हसेनाशी झाली आणि आम्ही तिघं चोरून तिच्या पायाच्या बोटांकडे बघायला शिकलो. कधी सैल दिसायची. कधी आत वळलेली दिसायची आणि मग तिघांचीही तोंडं उतरायची. कधी मला वाटायचं, पोर सुटली. कधी वाटायचं, पोर हरवली. एकाच दिवशी दोन्ही वाटायचं. गिऱ्हाईक बायका पडदा सरकवून बघायच्या आणि काही न बोलता पडदा सोडायच्या. एकदा दादा मला म्हणाला, "ती माझ्यावर रुसली असेल का गं?" मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतोस!" पण मला काय ठाऊक? रुसलीही असेल.

परवाची गोष्ट. सुट्टी होती म्हणून मी घरी. खुदूची चड्डी बदलायची होती. वहिनी कामावर, म्हणून दादा बसला आणि मी मदतीला. आधी उजवा पाय झाला. मग डावा. दादा हे करताना अजूनही श्वास रोखून धरतो. मांडीखाली हात घातला, पाय उचलला, टाच तळहातावर घेतली. मी चड्डी पुढे धरली.

खुदकन आलं नाही. दादाने पाय आणखी थोडा उचलला. तरी नाही. पाय जड होता, नेहमीसारखा ताठ नव्हता, दादाच्या हातात पूर्ण सोडून दिल्यासारखा. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. डोळे मिटलेले. ओठ उघडे. झोपली होती. पाय बापाच्या हातात, अर्धे कपडे अंगावर, आणि ही झोपलेली. कपडे बदलताना ही पोर झोपलेली मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

"गुंगी असेल का औषधाची?" मी कुजबुजले.

"असेल," दादा म्हणाला. "मला कळत नाही."

त्याने ना चड्डी चढवली, ना पाय खाली ठेवला. तसाच बसून राहिला, दोन्ही हातांवर तिचा पाय घेऊन. पुढे दुकानात कुणीतरी आलं, फळीवर टकटक केलं, "कानसेन, आहात का?" म्हणून विचारलं. त्याने मान हलवून मला गप्प राहायला सांगितलं. त्याचे डोळे वाहत होते आणि तोंडभर हसू पसरलं होतं.

"हसली नाही," तो माझ्याकडे बघून नुसत्या ओठांनी म्हणाला. "बघ ना, हसली नाही गं!"